अर्थिंगला तांब्याभर पाणी

कुठल्याही धंद्यात दहा-बारा वर्षं काढली की ज्ञान किती जमतं ते सांगता येत नाही, पण किस्से मात्र जमतात. आमच्या दुकानात तर ते जमवावेही लागत नाहीत. लोक स्वतःच पिशवीत घालून आणून देतात आणि वर म्हणतात, "बघा हो, काय झालंय याला!"

दुकान जळगावात, विजेच्या वस्तूंच्या दुरुस्तीचं. आमचं म्हणते, पण आहे नानांचं. नाना रेल्वेत वायरमन होते. निवृत्त झाल्यावर घरी बसून काकूंचं डोकं खाण्यापेक्षा त्यांनी हे दुकान टाकलं, ही काकूंची सर्वांत मोठी पुण्याई. मी ज्योती. आयटीआयचं वायरमनचं सर्टिफिकेट घेऊन बारा वर्षांपूर्वी इथे काम मागायला आले, तेव्हा नानांनी एकच प्रश्न विचारला होता.

"शॉक खाल्लाय कधी?"

"दोनदा," मी म्हटलं.

"मग ये उद्यापासून. ज्याने एकदाही खाल्ला नाही तो बेफिकीर, आणि ज्याने दहादा खाल्ला तो मूर्ख!"

पूर्वी दुकानात इस्त्र्या, गिझर, मिक्सर यायचे. आता खानदेशातली पोरं जगभर गेलीत आणि आईबापांना तिथली स्वयंपाकाची यंत्रं पाठवतात. ओव्हन, कॉफीचं मशीन, कणीक मळायचं मशीन. यंत्र झकास असतं, पण त्याचा प्लग आपल्या सॉकेटमध्ये नीट बसत नाही. मग कुणी पिन कापतो, कुणी वाकवतो, कुणी प्लगच तोडून नुसत्या दोन वायरी भोकांत खुपसतो आणि वर काडेपेटीची काडी ठोकतो. कापलेल्या पिना नानांनी एका चहाच्या डब्यात ठेवल्यात. नवीन गिऱ्हाईक फार शहाणपणा करायला लागलं की नाना तो डबा त्याच्या कानाजवळ नेऊन खुळखुळवतात.

अर्थिंग म्हणजे काय, हे नाना सगळ्यांना एकाच वाक्यात सांगतात. "मशीनच्या अंगावर चुकून करंट आला तर त्याला जमिनीत जायला वाट करून द्यायची. नाही दिली, तर तो तुमच्या अंगातून वाट काढतो."

दुसरं त्यांचं ब्रीद असं, की विजेच्या बाबतीत खोटं बोलायचं नाही. "बायकोशी बोला, साहेबाशी बोला, माझी ना नाही. पण विजेचं खोटं सांगितलं की माणूस जातो!" बारा वर्षांत मी त्यांना या बाबतीत कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल, पण नाना तुटेपर्यंत खरं बोलणार.

*

एक दिवस दुकानासमोर रिक्षा थांबली आणि तिच्यातून साठी उलटलेल्या एक बाई उतरू लागल्या. मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. मला वाटलं, नातवंड आहे. मी धावत गेले, "द्या, मी घेते," म्हणून हात पुढे केला आणि वजनाने खालीच बसले. गोधडीत आठ-नऊ किलोचं, चकचकीत स्टीलचं, कणीक मळायचं जर्मन मशीन होतं!

या अक्का. मूळच्या चोपड्याकडच्या, आता आमच्या मागच्याच गल्लीत एकट्या राहणाऱ्या. एके काळी लग्नाकार्यात खापरावरचे मांडे करायला त्यांना बोलावणं यायचं. मग मनगट मोडलं, जुळलं ते वाकडं जुळलं आणि कणीक मळणं बंद झालं. मुलगा हेमंत जर्मनीत नोकरीला. चार वर्षांत त्याला येता आलं नव्हतं. त्याने हे मशीन पाठवलं.

"काय त्रास आहे अक्का?" नानांनी विचारलं.

"काही नही भाऊ. मशीन बठ्ठं चांगलं शे. जरासं गुदगुल्या करस."

नानांनी चष्मा काढला. ते चष्मा काढतात तेव्हा मी समजून जाते. "गुदगुल्या? कुठे?"

"हात लावला की. बोटाले, मंग कोपरापर्यंत. मी पाटावर उभी राहस नि कोरडं फडकं धरस. मंग काही नही."

किती दिवस, तर सात महिने! सात महिने ही बाई पाटावर उभी राहून, फडकं धरून, शॉकला गुदगुल्या म्हणत होती.

"आणि मुलाला सांगितलं नाही?" मी जरा जोरातच विचारलं. माझा आवाज तसाही मोठा आहे.

अक्कांनी माझा हातच धरला. "मना पोऱ्याले सांगू नका, बाई. त्याने इतक्या हौसेनं धाडेल शे. रविवारी तो फोनवर दिसस. बोलस काय जास्त? नही. मी मशीन लावस. मशीन फिरस, तो देखस, मी देखस. तेवढंच आमचं बोलनं."

नानांनी मशीन तपासलं. उघडलं, मीटर लावला, पुन्हा बंद केलं. मशीनमध्ये काही बिघाड नव्हता! या मशीनच्या प्लगला अर्थिंगची पिन नसते, कडेला दोन पत्र्या असतात. आपल्या सॉकेटमध्ये तो प्लग छान बसतो, मशीन छान चालतं, आणि त्या पत्र्या राहतात हवेत. आम्ही अक्कांच्या घरी जाऊन बघितलं तर तिथे त्याहून मोठी मौज. सॉकेटला तीन भोकं होती, पण तिसऱ्याच्या मागे वायरच नव्हती.

"अहो, तीन भोकं तर शेत!" अक्का म्हणाल्या.

"अक्का, कान टोचला म्हणजे बाळी आली का?" नाना म्हणाले. "मशीन ठणठणीत आहे. घर आजारी आहे. अंगणात खड्डा खणून अर्थिंग करू, सॉकेट बदलू, मग मशीन घरी. तोवर ते माझ्याकडे राहील."

अक्का खड्ड्याला काही केल्या तयार होईनात. का? तर खड्डा खणला की गल्लीला कळणार, आणि गल्लीत हेमंतचे चार शाळूसोबती. गल्लीला कळलं की जर्मनीला कळायला कितीसा वेळ?

नाना मशीन सोडेनात, अक्का खड्डा खणू देईनात. आणि रविवार आला होता दोन दिवसांवर!

*

हा पेच सुटला कसा ते सांगते, पण आधी एक मारवाडी शेठजींचा किस्सा. तो त्याच आठवड्यातला, आणि नाही सांगितला तर माझं पोट दुखेल.

शेठजींचं कापडाचं दुकान. घर मोठं, स्वयंपाकघर देवघरासारखं, चप्पल आत चालत नाही म्हणजे नाही. मुलीने अमेरिकेहून मोठा मिक्सर पाठवलेला. तिकडची वीज आपल्यापेक्षा निम्म्या दाबाची, म्हणून सोबत लोखंडी डब्यातला जड ट्रान्सफॉर्मर. सून म्हणायची, "शॉक लगता है." शेठजी म्हणायचे, "बहू को वहम है." सासूबाईंना काही लागत नव्हतं, कारण गुडघ्यांमुळे त्या स्वयंपाकघरात कायम लाकडी पाटावर बसलेल्या.

तीन मेकॅनिक येऊन गेले. तिघेही बूट घालून आलेले. बूट काढायचा कंटाळा, म्हणून तिघांनीही यंत्र बाहेर मागवलं आणि बैठकीत गालिच्यावर ठेवून तपासलं. शॉक कुठला लागायला! तिघेही शेठजींशी सहमत होऊन, चहा पिऊन गेले. सून चार वर्षं वहमी ठरली.

मी चपला दाराशी काढल्या आणि सरळ आत गेले. फरशी नुकतीच पुसलेली, ओली. मीटर लावला, आणि काटा जो उडाला! मी बाहेर येऊन म्हटलं, "शेठजी, चप्पल काढा आणि जरा आत या."

"हाथ लगाऊँ?"

"हात नका लावू. नुसतं उभं राहून बघा, तुमची सून रोज कुठे उभी राहते ते."

शेठजी अनवाणी त्या ओल्या फरशीवर उभे राहिले. मी मीटर दाखवला. सुनेने पदर डोळ्याला लावला. मग पाटावरून सासूबाई हळूच म्हणाल्या, आणि हे मी जन्मात विसरणार नाही, "बहू सच बोल रही थी. हम चप्पल पहन के सुन रहे थे."

*

हे गंभीर झालं. त्याला उतारा म्हणून चोपड्याचे एक केळीवाले भाऊ घ्या. मोठे बागायतदार, दिलदार माणूस. भाच्याने पाठवलेलं कॉफीचं मशीन टेबलावर ठेवलं आणि खिशातून टेस्टर काढून माझ्यासमोर नाचवला.

"ताई, काय पॉवरफुल माल शे! वर लावा, खाली लावा, मांगे लावा, जठे लावा तठे टेस्टर पेटस!"

म्हणजे मशीनच्या अंगभर करंट! नानांनी डबा खुळखुळवला.

*

हां, तर रविवार.

शनिवारी संध्याकाळी अक्का दुकानात आल्या आणि मशीनसमोर स्टुलावर बसून राहिल्या. मशीनवरची धूळ पदराने पुसली आणि उठल्या. नाना बघत होते. त्या पायरी उतरल्यावर नाना मागून म्हणाले, "अक्का, उद्या बारा वाजता इथेच या. येताना पीठ आणा."

"अठे?"

"माझ्या दुकानाचं अर्थिंग पक्कं आहे. मशीन इथे चालेल. फोनमध्ये दुकान काय नि घर काय, नुसतं मशीनच दिसतं ना?"

मी भुसावळची. रविवारची सुट्टी मला जिवापेक्षा प्यारी. तरी मी गाडी पकडून आले, कारण नानांना सजावटीतलं काय कळतं! मागे उघड्याबंब मोटारी आणि गिझरची टाकी लटकलेली दिसली असती. मी काकूंची एक जुनी साडी पडद्यासारखी बांधली, पुढे फळीवर काकूंचे चार स्टीलचे डबे मांडले, एक कॅलेंडर टांगलं. काकूंनी मसाल्याचा डबाही उघडून ठेवायला दिला. म्हणाल्या, "हळद दिसली की घर वाटतं."

बरोबर बाराला जर्मनीहून फोन. अक्का मशीनजवळ. नाना आणि मी साडीमागे, श्वास रोखून. मशीन फिरू लागलं. अक्का बघत होत्या, तिकडे हेमंत बघत होता. पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, फोन कट झाला की काय! तेवढ्यात तिकडून आवाज आला, "छान गोळा होतोय, आई." अक्का म्हणाल्या, "होस ना?" झालं संभाषण. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मी माझ्या आईशी रोज अर्धा तास बोलते, तरी इतकं बोलणं होत नाही.

असे सहा रविवार झाले. एकदा मध्येच एक गिऱ्हाईक अर्धं शटर वर करून ओरडलं, "नाना, गिझर झाला का?" हेमंतने विचारलं, "कोण गं?" अक्का शांतपणे म्हणाल्या, "शेजारचा शे. त्याले भलती घाई राहस."

*

त्याच दिवसांतला आमच्या बिल्डिंगमधल्या सरांचा किस्सा. भुसावळला तिसऱ्या मजल्यावर राहतात, शिकवणी घेतात. विषय कुठला? विज्ञान! त्यांच्या परदेशी ओव्हनला हात लावला की झिणझिण्या येत होत्या. मी जिन्यात भेटले तेव्हा सांगितलं, "सर, अर्थिंगची वायर जमिनीत जायला हवी. आपल्या बिल्डिंगचं अर्थिंग तपासून घेऊ."

पंधरा दिवसांनी सर म्हणाले, "करून टाकलं! बघायला या."

मी नानांना घेऊन गेले. ओव्हनमागून हिरवी वायर निघाली होती. व्यवस्थित, भिंतीच्या कडेकडेने, क्लिपा मारून. ती गेली बाल्कनीत. आणि तिथे मनीप्लांटच्या कुंडीत पुरलेली!

"साधी माती नाही घातली," सर म्हणाले. "खास केळीच्या बागेतली काळी माती आणवली."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात नानांनी माझा हात दाबला. कुंडीकडे बराच वेळ पाहून म्हणाले, "सर, झाड छान आलंय."

मग अर्थात त्यांनी सरांना ओव्हन बंद ठेवायला लावून, खाली मीटरच्या खोलीपर्यंत नेऊन, सगळं नीट करून दिलं. सर आता मुलांना अर्थिंग शिकवतात तेव्हा म्हणे कुंडी दाखवतात.

*

धुळ्याच्या वकीलसाहेबांचंही एक छोटंसं. नवा बंगला, त्यात करंट गळला की आपोआप वीज तोडणारा स्विच बसवलेला. परदेशी ओव्हन लावला की तो स्विच पडायचा. वकीलसाहेबांनी तो स्विचच काढून टाकला आणि विजयी मुद्रेने म्हणाले, "आता एकदाही पडत नाही!"

नाना म्हणाले, "साहेब, कुत्रा भुंकतो म्हणून कुत्रा घालवला. चोराचं काय केलंत?"

वकीलसाहेब डायरी काढत म्हणाले, "नाना, हे वाक्य मी कोर्टात वापरलं तर चालेल?"

*

सातव्या रविवारी घोटाळा झाला.

मे महिना. जळगावचा मे ज्याने बघितला नाही त्याने नशीब काढलंय. टेबलफॅनशिवाय दुकानात बसणं अशक्य. फॅन लावला, वाऱ्याने साडीची एक गाठ सुटली आणि काकूंची साडी हळूहळू खाली आली. अक्कांची पाठ तिकडे, त्यांना पत्ता नाही. आम्ही दोघं वेळेवर खाली बसलो म्हणून वाचलो. पण भिंतीवरची पाटी कशी खाली बसणार?

जर्मनीहून आवाज आला, "आई, आपल्या स्वयंपाकघरात 'दुरुस्तीला टाकलेला माल एका महिन्यात घेऊन जावा' अशी पाटी कधी लावली?"

अक्कांनी मागे वळून पाहिलं. पाटी पाहिली. टेबलाखाली बसलेले आम्ही दोघं पाहिले. आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता म्हणाल्या, "कालच!"

तिकडे हेमंत हसत सुटला. मग हसता हसता थांबला. "आई, खरं सांग. मशीन बिघडलं ना? मी चांगलं बघून घ्यायला हवं होतं."

अक्का पिठाच्या हातांनी नानांना खुणा करत होत्या, नाही म्हणा, नाही म्हणा! नाना गुडघ्यावर हात ठेवून उठले. मी मनात म्हटलं, झालं, आता हा माणूस खरं बोलणार आणि या माउलीचं मन मोडणार. मला नानांचा असा राग आला की विचारू नका.

नाना फोनसमोर उभे राहिले. "बाळा, मी दुरुस्तीवाला. तुझं मशीन एक नंबर आहे. तुझ्या निवडीत खोट नाही. तुमच्या घराला अर्थिंग नाही, म्हणून आईला शॉक बसत होता. तुला वाईट वाटू नये म्हणून ती सात महिने बोलली नाही, आणि खड्डाही खणू देत नाही."

"सात महिने?"

"शॉक नही रे, गुदगुल्या!" अक्का मध्येच ओरडल्या.

हेमंत मोठा माणूस, पण तोंडावर हात धरून लहान मुलासारखा रडला. मग अक्का रडल्या. मग दोघं एकमेकांना रागावले. आम्ही बाहेर येऊन पायरीवर उन्हात उभे राहिलो. आत मशीन बंद होतं, तरी बोलणं तासभर चाललं होतं.

*

मग खड्डा झाला, आणि गल्लीला कळायला नको म्हणता म्हणता सगळी गल्लीच खणायला आली. हेमंतच्या शाळूसोबत्यांनी अंगणातली फरशी फोडली आणि पुरुषभर खणलं. इस्त्रीवाल्याने कोळसा दिला, किराणावाल्याने जाड मिठाची गोणी. नानांनी मधोमध पाइप उभा केला, भोवती कोळशाचा थर, मिठाचा थर, पुन्हा कोळसा. पाइपच्या तोंडाशी पाणी घालायला जागा ठेवली.

"अक्का, लक्षात ठेवा," नाना म्हणाले. "आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन सुकते. जमीन सुकली की अर्थिंगही सुकतं. रोज एक तांब्या पाणी घालायचं. विसरायचं नाही."

"तुळशीले टाकस तसं?"

"तसंच."

मशीन घरी आलं. नवं सॉकेट, नवा प्लग, सगळं मीटरने तपासून झालं. नाना म्हणाले, "आता पाट काढा. फडकं बाजूला ठेवा. अनवाणी उभ्या राहा आणि हात लावा."

अक्कांनी हात लावला. बराच वेळ ठेवला.

"लागतंय काही?" मी विचारलं.

"नही. काहीच नही." हात तसाच ठेवून त्या म्हणाल्या, "ते बरं नव्हतं, माले समजस. पन हात लावला की मना पोऱ्याना हात लागस असं वाटे."

मी मीटरच्या वायरी गुंडाळायला घेतल्या. गुंडाळलेल्या पुन्हा सोडवल्या आणि पुन्हा गुंडाळल्या. नाना म्हणाले, "जमलं का तुला?" मी म्हटलं, "डोळ्यात कोळसा गेलाय."

त्या दिवशी गल्लीभर मांडे वाटले गेले. वाकड्या मनगटाचे होते, म्हणून जरा वाकडे होते. मी तीन खाल्ले.

*

त्याच वर्षी दिवाळीला हेमंत आला, आणि जाताना आईला तीन महिन्यांसाठी सोबत घेऊन गेला. निघायच्या दिवशी अक्का दुकानात आल्या, घराची किल्ली नानांच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "भाऊ, पानी टाकज्यात."

हिवाळ्यात, बंद घरात, वीजसुद्धा बंद करून ठेवलेल्या घराच्या अर्थिंगला पाणी कशाला लागतंय! मी तसं नानांना म्हटलंही. नाना म्हणाले, "सांगितलंय ना तिने." आणि रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी हा माणूस मागच्या गल्लीत तांब्याभर पाणी घालून यायचा.

जानेवारीत एका दुपारी, आमचा चारचा चहा चालू असताना, हेमंतचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"नाना, एक अडचण झालीय. आई आली त्या दिवसापासून विचारत होती, तुझ्या घराचा खड्डा कुठे आहे. मी तिला दहादा सांगितलं, इथे सगळं बिल्डिंगखाली केलेलं असतं, आपण काही करायचं नसतं. ती हो म्हणाली. आता शेजारच्या आजी सांगतायत, मी कामाला गेलो की ती रोज खाली उतरते आणि बिल्डिंगच्या कडेला मातीत तांब्याभर पाणी ओतून येते! बर्फ पडलाय हो बाहेर. ओतते ते गोठून बसतं. मी रागावलो तर म्हणते, तू रोज या मशीनींना हात लावतोस, मी पाणी नको घालू? माझं ऐकत नाही. तुमचं ऐकेल. विजेच्या बाबतीत तुमचा शब्द म्हणजे तिला ब्रह्मवाक्य. तुम्ही तिला सांगा, याची काही गरज नाही."

"दे तिला," नाना म्हणाले.

फोन अक्कांकडे गेला. तिकडून दबका आवाज आला, "भाऊ, मी चुकी राह्यनू का?"

नानांनी चष्मा काढला. कपातला चहा थंड होत होता. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. बारा वर्षं बघत आले होते, आता हे काय बोलणार ते मला पाठ होतं.

नाना म्हणाले, "अक्का, तठे थंडी भलती शे ना? मंग कोमट पानी टाकत जा."